हॉर्न तर दिला होता!

मित्रांनो, मी एक जुना झेब्रा पट्टा आहे. अमडापूरला एका शाळेसमोरच्या रस्त्यावर पडून असतो. आता निम्मा पुसला गेलोय, पण त्या सकाळचा धक्का काही पुसला जात नाही.

नवा होतो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. मेथी विकायला बाजाराला निघालेल्या पुष्पाबाई मला पाहून थबकल्या आणि लुगडे सावरत चक्क वळसा घालून जाऊ लागल्या.

"एवढी चांगली रांगोळी, पाय कसा देऊ वं माय?"

मला हसूही आले आणि भरूनही आले. शाळेतल्या धम्मशीला मॅडम फाटकातूनच म्हणाल्या, "आजी, ही रांगोळी नाही. याच्यावर माणसाचा पाय पडला का गाडीनं थांबा लागते. कायदाच आहे तसा."

"माह्यासाठी गाडी थांबन?" पुष्पाबाईंना खरेच वाटेना. पण मॅडमवर त्यांचा विश्वास होता. तेव्हापासून त्या माझ्यावरूनच जाऊ लागल्या. डोक्यावर टोपली, एक हात पुढे केलेला. मीही ऐटीत असायचो. आपण राखण करतो असे मला वाटायचे.

एका सकाळी त्या माझ्या अगदी मधोमध असताना गावातल्याच शेषरावांची जीप आली. शेषराव लांबूनच हॉर्न वाजवत होते. ब्रेकवर पाय गेला, पण फार उशिरा. पुष्पाबाई माझ्यावरच कोसळल्या. सगळीकडे मेथी, आणि रक्त. मी हादरून गेलो.

शेषराव उतरले ते ओरडतच. "एवढा हॉर्न देल्ला, आयकू नाही आला काय, बाई?"

जमलेले लोकही म्हणाले, "हॉर्न त देल्ला होता बापा त्यानं!"

अहो, हॉर्न दिला म्हणजे झाले? माझ्यावर माणूस होते ना! कुणी खाली माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. धम्मशीला मॅडम धावत आल्या. "पट्ट्यावर होत्या त्या! थांबाचं तुम्हाले होतं!"

तेवढ्यात मोडलेला पाय धरून पुष्पाबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम, माह्यंच चुकलं. दादा, तुमच्या गाडीले त नाही ना काही झालं?"

मित्रांनो, हे ऐकून मी जो सुन्न झालो, तो अजून तसाच आहे.

पुष्पाबाई आता काठी टेकत बाजाराला येतात. माझ्यापाशी घटकाभर थांबतात आणि पहिल्या दिवसासारखाच वळसा घालून, जिथे एकही पट्टा नाही तिथून रस्ता ओलांडतात. उद्या तुमच्या हाती गाडी येईल. माझ्यावर कुणी दिसले तर हॉर्नवरचा हात काढा आणि ब्रेकवर पाय ठेवा. पुष्पाबाईंना पुन्हा एकदा तरी माझ्यावरून जाऊ द्या.