बोटभर शिवणीला

सुगंधाबाईंनी काचेसारखी आरपार दिसणारी चौकोनी पट्टी आपल्या पदरावर ठेवली आणि वाकून तिच्यातून पाहिलं. लुगड्यावरची बारीक फुलं जशीच्या तशी दिसत होती.

"हीच घे," त्या सुनेला म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीच्या हातात पोलादी पट्टी होती. "ही टिकंल, आत्याबाई. ती पडली तर फुटंल."

"टिकंल, पण खालचं कापड झाकतीय. फूल मधोमध आलं का कोपऱ्यात गेलं, कसं कळंल?"

शहागंजच्या त्या दुकानदारानं परातीएवढी एक पट्टी पुढं केली. "अम्मा, ये बड़ी वाली भी देख लो."

तान्ह्यांच्या गोधडीला एवढी कशाला? ज्ञानेश्वरीनं वीतभराचा चौकोन आणि चारी बाजूंनी बोटभर शिवणीला, असा हिशोब मनात धरून मधली निवडली. पाळणाघरानं तिला गोधड्या सांगितल्या होत्या आणि पहिलीच गोधडी कोपरे जुळेनात म्हणून उसवावी लागली होती.

हर्सूलला त्यांची भाड्याची खोली होती. समोर नव्या इमारती उठत होत्या, तिथंच तिचा नवरा हनुमान सेंट्रिंगच्या कामाला जायचा. गावाकडं, पिशोरला, विहिरी आटल्या तेव्हा त्यानं आईबापाला इकडं आणलं. मेंढरं सासऱ्यांनी, सोनाजींनी, धाकट्या भावाच्या, कडुबाच्या हवाली केली. तेव्हापासून ते उंबऱ्यात बसून असायचे. अर्ध्या भाकरीवर उठायचे. "कडुबाचा फोन येऊ द्या, निघालोच मी," याच्यापलीकडं बोलणं नाही.

घरी आल्यावर पट्टीनं छळायला सुरुवात केली. कापडावर ठेवून खडूनं रेघ ओढायला गेलं की सरकायची. पहिला चौकोन तिरका झाला. दुसराही.

"हालली," उंबऱ्यातून आवाज आला.

"तिथून काय दिसतंय तुम्हाला?" सुगंधाबाई म्हणाल्या.

"दिसतंय म्हणून तं सांगतोय."

"मग या, धरा."

सोनाजी कुरकुरत उठले. लोकर कातरताना मेंढरू दाबून धरणारा तो पंजा पट्टीवर पडला. ज्ञानेश्वरीनं चारी बाजूंनी रेघा ओढल्या, कात्री चालवली. चौकोन सुटा झाला तसा सोनाजींनी तो घडी घालून कोपऱ्याला कोपरा लावून पाहिला आणि पुढचं कापड ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना मतं फुटली. निळ्याशेजारी निळं नको. पिवळं मधी घ्या. सुगंधाबाई भांडायच्या, "मी लेकरांच्या गोधड्या काय डोळे झाकून शिवल्या व्हय?" तेही भांडायचे. जेवताना भाकरी मागून घ्यायचे आणि पुन्हा तावातावानं पिवळ्यावर यायचे.

शेवटच्या गोधडीचे चौकोन पाडून झाले त्या दुपारी कडुबाचा फोन आला. सोनाजींना ऐकायला कमी यायचं, त्यामुळं कडुबा ओरडूनच बोलायचा.

"दादा, गोदावरीकडं निघालोय. कालव्याच्या कडंनी लई चारा हाय. उद्या पिशोरला ये, मिळून जाऊ."

सुगंधाबाईंची सुई जागीच थांबली.

"कानफाटी कशी हाय?" सोनाजींनी विचारलं.

"व्याली. दोन पिल्लं."

"बरं झालं." सोनाजी पट्टीवरची खडूची पूड अंगठ्यानं पुसत राहिले. "तू हो पुढं, कडुबा. मला आत्ता नाय जमायचं. हातात काम हाय."

फोन ठेवून ते कापडासाठी इकडंतिकडं पाहू लागले. कापड संपलं होतं. सुगंधाबाईंनी मान खाली घातली.

ज्ञानेश्वरी उठली, बाहेर गेली आणि दोरीवर वाळत घातलेली आपली साडी ओढून घेऊन आली.

"मामा, हिचे बी चौकोन पाडायचेत."

सोनाजींनी साडीचा काठ चिमटीत धरून चोळून पाहिला.

"चांगली हाय की गं अजून."

"नाय हो," ती पट्टी त्यांच्याकडं सरकवत म्हणाली, "पार विरलीय."