पट्टीचे आठ वेढे

“अगं, ही तर तूच! सिस्टर, रेडिओवर तू गातेयस!”

गणिताच्या बाई एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या, की वृद्धाश्रमाच्या हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. सिस्टर त्यांच्या पायाशी बसून पट्टी बांधत होती. पाचवा वेढा पुरा झाला होता. हात तिथंच थांबला.

बाईंचे डोळे केव्हाच गेले होते, पण कान असे तिखट, की फाटकाशी कोण आलं ते त्या चपलेच्या आवाजावरून सांगायच्या. ओळखीचं माणूस रेडिओवर आलं म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! गाण्याआधीचं बोलणं आणि हे गाणं एकाच माणसाचं, हे मात्र त्या आनंदात त्यांच्या ध्यानातच आलं नाही. बाकीच्यांनी ते नीट ऐकलं होतं. कार्यक्रम व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांचा होता, आणि गाण्याआधी एक जाड, घोगरा, मुद्दाम बदललेला आवाज म्हणाला होता, “मी नर्स होते. दुखण्यानं तळमळणाऱ्या पेशंटची इंजेक्शनं मी चोरून स्वतःला टोचायचे. त्यांना पाणी टोचायचे.”

कोपऱ्यातल्या आजोबांना भेटायला आलेल्या सुनेनं खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. सिस्टरनं ते पाहिलं.

औषधांची गाडी घेऊन मेट्रन दारातच उभ्या होत्या. “पट्टी राहू द्या. माझ्या खोलीत या,” त्या म्हणाल्या. अकरा महिने सिस्टरला ‘तू’ म्हणणाऱ्या मेट्रन आज एकदम ‘या’ म्हणाल्या. पट्टी तशीच सोडून सिस्टर उठली.

आता ही चूक कुणाची म्हणायची? बाईंच्या पायाची जखम जुनी. पट्टी आठ वेढ्यांची, आणि एक वेढा जरी सैल पडला तरी पाय सुजायचा. म्हणून सिस्टर बांधताना एक चाल गुणगुणायची, एका ओळीला एक वेढा. मुळात ही चाल तिनं लेकीच्या फुटलेल्या गुडघ्यासाठी रचली होती, लेक चार वर्षांची असताना. पुढं व्यसनमुक्तीच्या गटात एक गिटार शिकवणारा मास्तर भेटला. स्वतः सात वर्षं दारूपासून लांब राहिलेला, हट्टी माणूस. तो म्हणाला, “आपण तोंड लपवून फिरतो, म्हणून लोक आपल्याला घाबरतात. भाषण कुणी ऐकत नाही, गाणं ऐकतात. प्रत्येकानं आपापली चाल आणा.” सिस्टरला दुसरी चाल येतच नव्हती. तिचं बोलणं मास्तरनं कंप्युटरवर इतकं बदललं, की ऐकून तिलाच धडकी भरली. गाण्याला मात्र त्यानं हात लावला नाही. गाणं बिघडवायचं नसतं म्हणे! आणि हीच चाल आपण रोज सकाळी भरल्या हॉलमध्ये गुणगुणतो, हे तिच्याही डोक्यात आलं नाही. हाताच्या सवयीची गोष्ट माणसाला स्वतःला ऐकूच येत नाही.

खोलीत मेट्रननी औषधांचं कपाट उघडलं. एक-एक खोकं काढून, ओठ हलवत त्यांनी सगळं मोजलं. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. कपाटाची किल्ली पाच महिन्यांपासून तिच्याच कमरेला असायची. मोजणी पुरी निघणार हे तिला ठाऊक होतं, तरी तीही मनातल्या मनात मोजत होती.

“एक गोळी कमी नाही,” मेट्रन अखेर म्हणाल्या, आणि त्यांचा सूर जरा उतरला. “हे बघ. बाई म्हाताऱ्या आहेत. त्यांना भास झाला. ‘तो आवाज माझा नाही,’ एवढं तू मला म्हण. बाहेर जाऊन सगळ्यांना काय सांगायचं ते मी बघते.”

तेवढ्यात भिंत चाचपत बाईच दारात आल्या. पायावरची अर्धवट पट्टी मागं फरफटत होती. हॉलमध्ये कुणीतरी त्यांना सगळं समजावलं असावं.

“मेट्रन, माझंच चुकलं हो. माझे कान आता कामातून गेलेत. ती दुसरीच कुणीतरी होती.”

चाळीस वर्षं मुलांना एक मार्क फुकट न देणारी बाई धडधडीत खोटं बोलत होती, आणि तेही तिला धड जमत नव्हतं.

सिस्टरच्या डोळ्यांसमोर भाड्याच्या खोलीतली छोटी खाट आली. लेक आता नऊ वर्षांची होती आणि दोन वर्षं दादाकडे राहत होती. दादानं अट घातली होती: एका जागी, नर्सच्याच कामावर, वर्षभर टिकून दाखव, मग घेऊन जा. तीन आठवडे उरले होते. खाटेवर चादरसुद्धा घालून झाली होती. एक शब्द, ‘नाही’, एवढाच बोलायचा होता. तिनं तोंड उघडलंही. पण हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा होता. इंजेक्शन कमी कसं? माहीत नाही. दंडाला काय झालं? काही नाही. सुईच्या आधी दर वेळी तोच यायचा.

“आवाज माझाच आहे,” ती म्हणाली.

मेट्रन खुर्चीत बसल्या. “मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?”

मेट्रननी उठून कपाट बंद केलं. मग त्यांनी हात पुढं केला. सिस्टरनं कमरेची किल्ली सोडून त्या हातावर ठेवली.

“लॉन्ड्रीत जागा आहे. तुला घालवून द्यायला माझं मन घेत नाही. पण पेशंटला हात लावायचा नाही.”

दुपारी तिनं स्वतःच दादाला फोन केला. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा हे बरं.

“पण तुला काय गरज होती गं?” दादा कळवळून म्हणाला. “गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? तीन आठवडे तर राहिले होते!”

“दादा, मी गोळीलासुद्धा शिवले नाहीये. त्यांनी मोजून बघितलं. काम पण सुटलेलं नाही.”

“चादरी धुणं म्हणजे नर्सचं काम नव्हे. ठरलं ते ठरलं. आता वर्ष पहिल्यापासून.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुझी वहिनी इथंच उभी आहे, ती म्हणते, आता शाळेत पोरीला काय काय ऐकावं लागेल.”

“तिला फोन दे ना जरा.”

“आज नको.”

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आत्ता एक सुई मिळाली तर बरं होईल. वाटलं ते वाटलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती तासभर तशीच बसून राहिली. मग मास्तरला फोन लावून म्हणाली, “मला आज एकटीला ठेवू नका.” तो पंधरा मिनिटांत गिटारशिवाय आला.

सोमवारी सकाळी ती लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालत होती. लॉन्ड्रीची खिडकी हॉलच्या खिडकीसमोरच उघडते, मध्ये फक्त एक बोळ. शनिवारी रेडिओवर ते गाणं लागलं, तेव्हापासून तिच्या तोंडून सूर निघाला नव्हता. पलीकडे नवी नर्स बाईंना पट्टी बांधत होती.

“अहो, हळू. घट्ट होतंय,” बाई म्हणाल्या. “थांबा, मी सांगते तशी बांधा.”

आणि बाई गुणगुणायला लागल्या. सूर पार घसरलेला, पण ओळी बरोबर. एक, दोन, तीन. हॉलमध्ये कुणाचं तरी बोलणं बंद पडलं. चार. पाच. पाचव्या ओळीनंतर बाई अडल्या. पुढचं आठवत नव्हतं, की मुद्दाम थांबल्या होत्या, देव जाणे.

हातातली चादर सिस्टरनं छातीशी धरली आणि खिडकीकडे तोंड करून सहावी ओळ म्हटली. मग सातवी. पलीकडे नव्या नर्सचे हात त्याबरोबर फिरत असल्याचं तिला दिसत होतं. आठवी ओळ तिनं सावकाश म्हटली, टोक खोचायला वेळ मिळावा म्हणून.