इन्कम टॅक्सचं सुतक

पवनारात रूपरावाच्या ओळखीतल्या एकाही माणसाने जन्मात इन्कम टॅक्स भरलेला नव्हता. शेतीच्या उत्पन्नावर तो लागत नव्हता, आणि शेतीखेरीज कोणाचं काही असलंच तर ते एवढं नव्हतं की सरकारने त्याची दखल घ्यावी. असं असूनही तो टॅक्स बंद होणार या बातमीने गावातल्या एका माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. तो माणूस म्हणजे धाम नदीच्या काठी दोन एकरात वांगी आणि मेथी लावणारा खुद्द रूपराव.

त्याला कारणही तसंच होतं. त्याच्या एकुलत्या एका मुलीची, नलूची, सोयरीक पिपरी मेघेच्या प्रभाकरशी जमली होती, आणि प्रभाकर वर्ध्याच्या इन्कम टॅक्स ऑफिसात कारकून होता. परमनंट. हा शब्द रूपरावाला इतका आवडला होता की जावई काय करतो असं कोणी विचारलं, तर तो ऑफिसचं नाव नंतर सांगायचा आणि 'परमनंट' आधी. केळझरकडून खुशाल नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं, बारा एकर ओलिताचं, त्यालाही त्याने नकार दिला होता. लोक म्हणाले, रूपरावाला हवा लागली. पण हवाबिवा काही नव्हती. त्याची बायको पंचफुला अठरा वर्षं भाजीची पाटी डोक्यावर घेऊन वर्ध्याच्या बाजारात जात होती, आणि तिच्या डोक्याच्या मधोमध रुपयाएवढ्या जागेवर केस उगवायचेच थांबले होते. ती न्हायली की केस पुसताना ती जागा त्याला दिसायची. नलूच्या डोक्यावर पाटी येऊ द्यायची नाही, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. बारा एकर ओलीत म्हणजे बारा एकराची पाटी, हा त्याचा साधा हिशेब.

हजाराच्या नोटा बंद झाल्या त्या सालची, अठ्ठ्याहत्तरची, ही गोष्ट. हजाराची नोट गावात कोणी पाहिली नव्हती, पण सरकारने मनात आणलं तर ते एका रात्रीत काहीही करू शकतं, हे सगळ्यांना समजलं होतं. उन्हाळा नुकताच लागला होता आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सहा दिवसांवर, रविवारवर आलं होतं. अशा सोमवारी सकाळी बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर नानाजींनी पेपर उघडला. गावात पेपर एकच यायचा आणि तो मोठ्याने वाचायचा मान नानाजींचा.

"ऐका रूपराव, इन्कम टॅक्स खतम," नानाजी म्हणाले. "व्यापाऱ्यांची मोठी परिषद भरलती. एकमतानं ठराव मंजूर. इन्कम टॅक्स काढून टाकायचा अन् त्याच्या जागी साऱ्या देशात एकच विक्रीकर लावायचा. कमावणाऱ्यानं नाई भरायचा, इकत घेणाऱ्यानं भरायचा."

"मग इन्कम टॅक्सचं हापिस?"

"टॅक्सच नाई तं हापिस कायले ठेवतीन? कुलूप."

"अन् त्यातले कारकून?"

नानाजींनी चष्म्यावरून रूपरावाकडे पाहिलं. सोयरिकीचं त्यांना तेव्हा आठवलं. "पाहतीन काहीतरी," असं म्हणून त्यांनी घाईने पान उलटलं आणि कापसाचे भाव वाचायला घेतले.

दुसरा कोणी असता तर 'ठरावच तर आहे' म्हणून चहा पिऊन उठला असता. पण रूपराव ग्रामपंचायतीचा सभासद होता आणि त्याने आयुष्यात एकच ठराव मांडला होता, नाल्यावरच्या रपट्याचा, म्हणजे ठेंगण्या पुलाचा. तो ठराव एकमताने मंजूर झाला आणि अकरा महिन्यांत रपटा बांधून झाला. लोक अजूनही त्यावरून बैलबंड्या नेत. ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालंच, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि असा अनुभव पंचायतीच्या इतर कोणाही सभासदाला नसल्यामुळे ती एकट्या त्याचीच होती. इन्कम टॅक्सला अकरा महिने लागतील, नाहीतर दिल्लीचं काम म्हणून थोडे कमीच. म्हणजे नलू सासरी जाऊन वर्ष होण्याआधी जावई घरी बसणार. मग पिपरीच्या प्रभाकरच्या दोन खोल्यांच्या घरातून एक दिवस पाटी निघणार, हे त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मंगळवारी तो पिपरी मेघेला गेला. सरळ विचारावं असं त्याने बसमध्ये ठरवलं होतं. पण प्रभाकरचे वडील वासुदेवराव, निवृत्त मास्तर, त्यांनी दारातच "या, या" करून गूळपाणी पुढे ठेवलं, आणि होणाऱ्या व्याह्याला 'तुमच्या पोराची नोकरी जाते का हो' असं विचारायला रूपरावाची जीभ उचलेना.

"रविवारचं जरा लांबवा लागते," तो कसंबसं म्हणाला.

"काऊन? काही अडचण?"

"सुतक पडलं."

हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. पण निघालं ते बरंच सोयीचं होतं. सुतक म्हटलं की तेरा दिवस कोणी काही विचारत नाही, आणि तेरा दिवसांत टॅक्सचं काय होतं ते दिसलं असतं.

"अरे अरे. कोण गेलं?" वासुदेवरावांनी विचारलं.

आता नाव पाहिजे होतं. "अण्णाजी," रूपराव बोलून गेला. "माह्ये चुलते. केळझरले राह्यत होते. मी आता तिकडंच चाललो."

अण्णाजी ठणठणीत होते. बायको गेलेली, मुलगा भिलाईच्या कारखान्यात, म्हातारा घरी एकटा. पवनारवरूनच केळझरची बस जाते, तासाभराचाही रस्ता नाही, तरी रूपराव चार वर्षांत त्यांच्याकडे फिरकला नव्हता. भांडण नव्हतं, काही नव्हतं. जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं होतं. आणि आता माणूस आठवला तोही मारायला आठवला. परतीच्या बसमध्ये रूपरावाने तीनदा कानाला हात लावले.

घरी पंचफुलाने साक्षगंधाच्या चिवड्यासाठी अंगणात पोहे वाळत घातले होते. ती हरखून किती माणसं येतील ते सांगत होती, आणि रूपराव हूं हूं करत होता. उद्या सांगू म्हणता म्हणता बुधवार गेला. पोहे वाळून डब्यातही गेले.

गुरुवारी दुपारी तो वांग्यांना पाणी देत होता, तेव्हा नलू बांधावरून धावत आली.

"बाबा, केळझरचे अण्णाआबा आले," ती म्हणाली आणि थांबली. "अन् ते पण आले."

'ते' म्हणजे कोण हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. रूपरावाने फावडं तिथंच टाकलं. पाय धुण्याचंही भान न राहता तो चिखलाने भरलेला तसाच घरी आला.

ओसरीवर बाजेवर अण्णाजी बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, घामाने पाठ भिजलेला प्रभाकर. पंचफुला दोघांना पाणी देऊन दाराशी उभी होती आणि तिला काहीही उमगत नव्हतं.

"काऊन रूप्या, मले लाकडं तं पुरली ना?" अण्णाजींनी विचारलं.

मग अण्णाजींनीच सगळं पंचफुलाला सांगितलं. "मी ओट्यावर बसून तंबाखू चोळून राह्यलो होतो. हा पोट्टा आला. म्हणते, अण्णाजींचं घर हेच का? म्हटलं, हेच. म्हणते, फार वाईट झालं. म्हटलं, काय झालं? म्हणते, अण्णाजी गेले. म्हटलं, कुठं गेले?"

नलूला आत हसू फुटलं आणि ते तिने पदरात दाबलं. पंचफुला मात्र हसली नाही. ती नवऱ्याकडे वळली. "तुमी यायले मारलं? जितंजागतं माणूस? अन् मी इथं पोहे वाळवून राह्यली?"

"राहू द्या, आत्याबाई," प्रभाकर मध्येच म्हणाला. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात, पण साक्षगंधाच्या आधी म्हणत नाहीत. त्याच्या ते लक्षात आलं आणि तो गोरामोरा झाला. मग तो रूपरावाकडे वळला. "काकाजी, मी काही विचाराले नाई आलो. पण येताना बसमध्ये मनात आलं का, पोरीचंच मन नसन. तोंडावर नाई म्हणता नाई आलं म्हणून तुम्ही सुतक सांगितलं असन. तसं असन तं मोकळं सांगा. आमचा काही राग नाई."

"नाई, तसं काही नाई," आतून नलूचा आवाज आला. तो इतका पटकन आला की सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, आणि दाराआडची बांगड्यांची किणकिण आत पळाली.

आता रूपरावाला बोलणं भाग होतं. त्याने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. "तुमचं हापिस बंद होऊन राह्यलं म्हणून," तो म्हणाला. "इन्कम टॅक्सच्या जागी विक्रीकर येते. ठराव झाला. पेपरात हाय."

प्रभाकर जो हसला तो पंचफुलाने दुसरा तांब्या आणून दिला तेव्हा थांबला.

"काकाजी, तो ठराव व्यापाऱ्यांचा. सरकारचा नाई. मी नोकरीले लागलो त्या साली केलता, मागच्या सालीही केलता. पुढच्या सालीही करतीन. त्यायच्या कमाईवरचा कर त्यायले जड जाते. तो काढा अन् वस्तूवर लावा, इतकंच त्यायचं म्हणणं."

"वस्तूवर म्हणजे?" पंचफुलाने विचारलं.

"तुम्ही साबण घेतलं, कपडा घेतला, का त्याच्यावर. विक्रीकर आताही हाय, मग जास्त लागन."

"म्हणजे शेठजी एक साबण घेईन अन् मी एक साबण घेईन, तं दोघायले सारखाच कर?"

"सारखाच."

"अन् त्याच्या कमाईचं कोणी विचारन नाई?"

"नाई विचारन."

"मग राहू द्या बाप्पा तुमचं हापिस," पंचफुला म्हणाली. टॅक्सचा एवढा जुना वाद तिच्यापुरता तिथे मिटला.

"अन् खरंच आला तं?" रूपरावाने हळूच विचारलं. रपटा अजून त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

"तं आमाले तिकडच्या हापिसात बसवतीन. टॅक्स बदलला म्हणून कागद कमी होते का? वाढतेच. अन् नाईच बसवलं तं दुसरं काम पाहीन. हात हायत मले."

रूपराव मटकन ओसरीच्या पायरीवर बसला. चार दिवसांत त्याच्या पोटात अन्न धड गेलं नव्हतं. आता एकदम भूक लागली आणि डोळेही भरून आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्यामुळे त्याला आधी काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने अण्णाजींचे पाय धरले.

"आण्णा, चुकलो."

"चुकलाच तू," अण्णाजी म्हणाले. "पण एक सांगतो. भिलाईवाला दिवाळीले चिठ्ठी धाडते. तू चार वर्सात आला नाई. जितेपणी माह्या दारात कोणी नाई आलं. मेलो, तं हा आला. ना ओळख ना पाळख, हापिसातून रजा टाकून, असा उन्हाचा आला. मी जिता हाव हे समजल्यावरबी उठला नाई. तासभर बसला, माह्या हातचा काळा चहा पेला. पोट्टीले माणूस पाह्यला का हापिस पाह्यलं, ते तुलेच माहीत. पण माणूस चांगला निंघाला."

पंचफुलाने पिठलं-भाकर केली आणि सगळे जेवले. सुतकाच्या घरी तीन दिवसांत पहिल्यांदा कोणी पोटभर जेवलं, असं म्हणत अण्णाजींनी ढेकर दिला.

संध्याकाळी वर्ध्याच्या बसची वेळ झाली. शुक्रवारच्या बाजारासाठी पंचफुला नेहमी आदल्या संध्याकाळीच एक पाटी घेऊन जायची आणि वर्ध्याला बहिणीकडे मुक्काम करायची. ती वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन निघाली. मागून प्रभाकर निघाला आणि त्याच्यामागे, निरोप द्यायला, रूपराव. रपट्यापाशी प्रभाकर दोन पावलं पुढे झाला, "द्या इकडं" म्हणाला, आणि पंचफुला नको नको म्हणेपर्यंत तिच्या डोक्यावरची पाटी चुंबळीसकट उचलून त्याने आपल्या डोक्यावर ठेवली. त्याला ती नीट धरता येत नव्हती. पांढऱ्या टेरिलीनच्या शर्टावर पाटीचं पाणी गळत होतं. समोरून लोक येत होते आणि पाहत होते, पण त्याचं लक्ष पाटी सांभाळण्यात होतं.

पंचफुला मोकळ्या डोक्याने त्याच्या मागून चालली होती. तिचा हात दोनदा सवयीने वर गेला आणि काही न सापडून खाली आला. तिसऱ्यांदा तिने पदर सारखा केला. रूपराव मागे राहून ते पाहत होता, आणि त्याच्या मनावरचं ओझं सगळंच्या सगळं उतरलं.

बसच्या टपावर पाटी चढवून प्रभाकर खाली उतरला आणि शर्ट झटकत म्हणाला, "येतो, मामाजी. रविवारी."

सासऱ्याला म्हणायचा तो शब्द या वेळी त्याने विचार करूनच वापरला होता. रूपरावाने मान हलवली.

घरी परतला तेव्हा अण्णाजींनी बाज अंगणात ओढली होती आणि नलू त्यांना तंबाखूची चंची शोधून देत होती. केळझरची शेवटची बस जायला अजून वेळ होता, पण म्हातारा उठायची काही लक्षणं दाखवत नव्हता.

"आण्णा, बस हाय अजून," रूपराव म्हणाला.

"मी कायले जाऊ तिकडं?" अण्णाजी म्हणाले. "तिकडं तं मी मेलो. रविवारपर्यंत इथंच जगतो. अन् त्या इन्कम टॅक्सचं काय झालं रे शेवटी? हाय का गेला?"

"राहो का जावो," रूपराव म्हणाला, आणि त्यांच्यासाठी गोधडी आणायला आत गेला.