लुंबिनीच्या बायोडाट्यातली जयंती

आमच्या लुंबिनीला नोकरी का लागंना, ते मला आनंदराजच्या दुकानात कळलं. आनंदराज म्हणजे माझ्या दिराचा पोरगा. नायगावच्या बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं आन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. गावातली झाडून सगळी पोरं बायोडाटा त्याच्याकडूनच करून घेतात. लुंबिनी बी.कॉम. झाली, फर्स्ट क्लासात. नांदेडला बायोडाटा दिला, लातूरला दिला, एक फोन आला न्हाई. आता लातूरच्या एका सोयाबीनच्या गोदामात सुपरवायझरची जागा निघाली, म्हणून आम्ही मायलेकी दुकानात गेलो.

"वाच बरं, काय लिवलंय," मी म्हणलं.

तिनं इंग्रजीचं मराठी करून वाचलं. मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की. छंद वाचन आणि संगीत.

"संगीत? तू कधी गं गायलीस?"

आनंदराज हसायला लागला. "काकू, साचा एकच असतोय. नाव आन् फोन तेवढा बदलायचा."

"म्हणजे अख्ख्या नायगावची पोरं एका साच्यात प्रामाणिक झाली का रे?" माझं टाळकंच सरकलं. "आन् जयंती कुठाय ह्याच्यात?"



तीन वर्षं झाली, आमच्या वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणाचं सगळं लुंबिनी बघती. उन्हाचा नुसता जाळ असतोय. विहारापुढं मांडव, आचारी, वाढणारी पोरं, पाणी, सगळं तिच्याकडं. गेल्या वर्षी पंगत बसली आन् पाण्याचा टँकर आलाच न्हाई. म्हातारी माणसं ओरडायला लागली. पोरगी जराबी घाबरली न्हाई. दोन ट्रॅक्टर मळ्याकडं पिटाळले, बोअरवरून ड्रम भरून आणवले, तवर पोरांना घराघरातनं घागरी आणायला लावल्या. एक माणूस उपाशी गेला न्हाई की तहानलेला गेला न्हाई. हे एवढं करणारी पोरगी आन् कागदावर काय, तर वाचन आणि संगीत!

"आई, ते लिवलं की कळतं," लुंबिनी खाली बघून म्हणली.

"काय कळतं?"

"आपण कोण ते."

मला असा राग आला, काय सांगू. "अगं माय, तुझं नाव लुंबिनी हाय! पहिल्याच ओळीत कळतंय की. कळावं म्हणूनच ठेवलंय ते. ज्याला त्याचं वावडं हाय त्याच्याकडं तुला जायचंच कशाला?"

मग ती आनंदराजला म्हणली, "दादा, सरक जरा." आन् स्वतःच कीबोर्ड ओढला.

मेहनती खोडलं. प्रामाणिक खोडलं. संगीतबी गेलं. त्या जागी काय काम केलं, हाताखाली किती माणसं होती, काय अडचण आली, कशी निस्तरली, ते लिवलं. जेवणाऱ्यांचा आकडा आला तवा मी म्हणलं, "बाराशे टाक."

"आठशे होते."

"गावभर बाराशेच म्हणतात."

"आई, समोरच्यानं इचारलं तर पटवून देता आलं पाहिजे. आठशेच."

एवढा खरेपणा कुणावर गेलाय कुणास ठाऊक! पण एका पानात असं सुरेख बसलं की आनंदराजनं पैसेच घेतले न्हाईत.

आन् लातूरहून फोन आला! मी बी गेले तिच्यासंगं, घरी दम निघतोय का? गोदामाच्या हापिसाबाहेर खिडकीला चिकटून उभी राहिले. वॉचमन सारखा म्हणायचा, "मावशी, सरका हितून, साहेब रागावतेत." मी कशाची सरकतीय.

आत मॅनेजर हणमंतराव, पिकल्या मिशांचे. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे जयंतीचं कशाला लिवलंय? नोकरीच्या कागदावर असलं कुणी लिवतं का?"

माझ्या हट्टापायी लेकराची नोकरी गेली, असंच वाटलं मला.

लुंबिनीचा आवाज काही हलला न्हाई. "सर, माझं सगळ्यात मोठं काम तेच हाय. म्हणून सगळ्यात वर लिवलंय."

"अहो, पण इथं सीझनला गाड्यांची रांग लागती. हमाल हातघाईवर येतेत. ते तुमचं ऐकतील का?"

"सर, आमच्या जयंतीत पगारी कुणीच नसतंय. ज्याला राग आला तो हातातली बादली ठेवून घरी जातो, त्याला कोण अडवणार? अशा माणसांकडून मी तीन वर्षं काम करून घेतलंय. तुमची तर पगारी माणसं हायेत."

हणमंतरावांनी चष्मा काढला. तिच्याकडं बघितलं. मग मिशीतल्या मिशीत हसले आन् म्हणले, "सोमवारपासून येता का?"

येता म्हणले बरं का, येतीस न्हाई! माझी छाती अशी भरून आली की डोळ्यांतलं पाणी पुसायचंबी भान राहिलं न्हाई.

तेवढ्यात वॉचमन पुन्हा आलाच. "मावशी, किती बारी सांगू? साहेब रागावतेत."

मी म्हणलं, "बाबा, साहेबाचं जाऊ दे. सोमवारपासून माझ्या लेकीला घाबरत जा."