उलट्या काठ्यांचा उस्ताद

लातुरात गोल्फचा उस्ताद एकच होता आणि त्याला शागीर्दही एकच. उस्ताद म्हणजे गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतले गादीवाले जिलानी, आणि शागीर्द म्हणजे चाकूरकडचे शेतकरी आप्पासाहेब. एवढ्या मोठ्या शहरात तिसऱ्या कोणाला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे जिलानींच्या उस्तादीला धक्का लागण्याचा प्रश्नच नव्हता. वासरात लंगडी गाय शहाणी, असं त्यांची बायको बानो म्हणायची. ही म्हण तिला आप्पासाहेबांनीच शिकवली होती.

एक गोष्ट मात्र आधीच सांगितलेली बरी. जिलानींकडच्या गोल्फच्या काठ्या डावखुऱ्या माणसासाठी बनवलेल्या होत्या. जिलानी उजवे, आप्पासाहेबही उजवे, आणि दोघांनाही या गोष्टीचा पत्ता नव्हता. किती वर्षं नव्हता, ते विचारू नये.

काठ्या आल्या त्या किल्लारीच्या भूकंपानंतर. लातुरात तेव्हा मदतीच्या ट्रकांची रांग लागली होती. एका शाळेत सामान उतरायचं, आणि कापडातलं कळतं म्हणून जिलानींना तिथे चादरी-ब्लँकेटं निवडायला बसवलं होतं. चांगल्या चादरी आल्या, भांडी आली, धान्य आलं. त्यांच्याबरोबर कोट आले, टाय आले, उंच टाचांच्या चपलांचं एक पोतंही आलं. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण पत्र्याच्या शेडात राहणाऱ्या माणसाने टाय कशावर बांधायचा, याचा विचार करायला त्यांना सवड मिळाली नसावी. त्यातच चामड्याची ती लांब पिशवी निघाली. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. आत लोखंडी तोंडाच्या काठ्या आणि पांढऱ्या बॉलांनी भरलेली थैली.

जिलानी नेकीचे माणूस. आलेली वस्तू गरजवंताला पोचली पाहिजे म्हणून त्यांनी ती पिशवी दोन वस्त्यांवर फिरवली. लोकांनी अदबीने परत केली. एका म्हाताऱ्याने फक्त चपट्या तोंडाची एक काठी टेकायला म्हणून ठेवून घेतली. शेवटी शाळा रिकामी करायची वेळ आली, तेव्हा तिथले कारकून म्हणाले, "जिलानीभाई, हे तुम्हीच घेऊन जा. इथं उंदरं खातील."

त्याच शाळेत आप्पासाहेब आपला ट्रॅक्टर घेऊन यायचे. माल भरायचा, गावोगाव पोचवायचा, परत यायचं. बोलणं नाही, चालणं नाही. त्यांची धाकटी बहीण कस्तुराबाई औसा तालुक्यात दिलेली होती आणि त्या रात्री ती घरासकट गेली. बातमी कळताच आप्पासाहेब पोचले आणि अवजारं घेऊन माणसं येईपर्यंत हातांनीच ढिगारा उपसत राहिले. कस्तुराबाईच्या लग्नातल्या गाद्या जिलानींनी भरल्या होत्या, रुखवतासाठी एक लोड फुकटात दिला होता. त्यामुळे या माणसाशी काय बोलावं, ते जिलानींना सुचत नसे. ते नुसते शेजारी बसत. जेवा म्हटलं की आप्पासाहेब जेवत, उठा म्हटलं की उठत. माणूस असा हुकमाचा झाला की पाहणाऱ्याला फार भीती वाटते.

ज्वारी निघाल्यावर एका शुक्रवारी, नमाज आटोपून, जिलानी ती पिशवी खांद्याला मारून एसटीने चाकूरला गेले. खेळ कसा असतो ते त्यांनी कधीतरी एका कॅलेंडरवर पाहिलं होतं. चित्रातला साहेब कुठल्या बाजूला तोंड करून उभा होता, हे कोण लक्षात ठेवतो? काठीचं तोंड जिकडे, फटका तिकडे, इतका सरळ हिशेब. हाताला अवघडल्यासारखं झालं, पण त्याचं उत्तरही जिलानींकडे तयार होतं.

"मराठी इकडून तिकडं लिहित्यात, उर्दू तिकडून इकडं," ते आप्पासाहेबांना म्हणाले. "मग सायबाचा खेळ आपल्याला उलटा वाटला तर काय बिघडलं?"

आप्पासाहेब बांधावर गप्प बसून होते. जिलानींनी बिस्मिल्ला म्हणून काठी फिरवली. बॉल जागचा हलला नाही. धसकटासकट एक ढेकूळ मात्र असं उडालं की थेट आप्पासाहेबांच्या टोपीवर येऊन फुटलं. मानेत माती, मिशीत माती. जिलानी काठी टाकून माती झटकायला धावले. आणि आप्पासाहेब हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कित्येक महिन्यांत कोणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. घरातून त्यांची कारभारीण धावत आली, ती तशीच दारात उभी राहिली. हा माणूस हसणार असेल तर आपण जन्मभर ढेकळं उडवू, असं जिलानींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

उस्तादी सुरू झाली ती अशी. दर शुक्रवारी रान मोकळं असलं की चाकूर, आणि पेरण्या झाल्या की दुकानामागचं अंगण. अंगणात जिलानींनी एक जाड गादी दोरीला टांगली आणि तिच्यावर बॉल मारायचा सराव सुरू केला. शिकवायला पुस्तक नव्हतं, तेव्हा सगळं शास्त्र गादीच्या धंद्यातून आलं. मान हलली की टाका चुकला. दोरा ताणून धरला की तुटतो, म्हणून काठी हलक्या मुठीत धरावी. प्रत्येक काठीच्या तोंडाला त्यांनी कापूस भरून, टाके घालून एकेक टोपडं शिवलं आणि काठीवर कोरलेला नंबर त्याच्यावर दोऱ्याने काढला.

"अजी, गादी बनाने के पैसे मिलते," बानो म्हणायची. "गादी को मारने के कौन देता?"

मैदान अवघड होतं. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडल्या की बॉल आत जायचा, तो खुरप्याने उकरून काढावा लागे. बॉल टाकायचा खड्डा म्हणजे गोट्यांच्या खेळातला गलच, जरा मोठा. तो उकरून मोठा करून त्यात गावातली कुत्री येऊन बसत. तरी बांधावरच्या चिंचेपर्यंत बॉल नेण्याइतका हात दोघांचाही बसला. आप्पासाहेब आता भांडायचे, चिडायचे, भेगेतला बॉल मोजायचा की नाही यावर तासभर वाद घालायचे. जिलानींना हे वाद फार आवडत. हरले तरी आवडत.

दरम्यान लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. नांदेड, परभणी, पार बीदरपासून पोरं-पोरी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊ लागली, गल्लोगल्ली खोल्या भाड्याने लागल्या आणि प्रत्येक पोराला झोपायला एक गादी लागली. पोरं झोपत किती, हा प्रश्न वेगळा. जिलानींचा धंदा मात्र चांगला जोरात आला.

अशाच एका जूनमध्ये नांदेडचे एक निवृत्त लष्करी अधिकारी, कर्नल पाटणूरकर, नातीसाठी गादी घ्यायला दुकानात आले. नात कापूस दाबून बघत होती आणि कर्नलसाहेब कोपऱ्यातल्या पिशवीकडे बघत होते. टोपडी घातलेल्या काठ्या पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही गोल्फ खेळता?"

"खेळतो बी, शिकवतो बी," जिलानी म्हणाले.

कर्नलसाहेबांनी भोकर रस्त्याला आपल्या शेतात नऊ खड्ड्यांचं छोटं मैदान केलं होतं. खरं गवत, पाण्याची सोय, सगळं. दिवाळीनंतर या, दोन दिवस राहा, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं. बातमी ऐकून आप्पासाहेब म्हणाले, "भोकरला भोकं पाडून राहिला म्हणा की माणूस." आणि त्याच दिवशी त्यांनी पांढरे बूट घेतले.

दिवाळीनंतर दोघे आप्पासाहेबांच्या जीपने निघाले. बानोने भाकऱ्या, ठेचा आणि आलूच्या टिकिया बांधून दिल्या होत्या. वाटेत आप्पासाहेब सारखे विचारत होते, गवतावर काठी कशी लागल, बॉल किती पळल. आणि उस्ताद, ज्यांनी असलं गवत उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, ते सगळ्याची ठाम उत्तरं देत होते.

मैदानावर पोचले तेव्हा कर्नलसाहेबांचे तीन-चार मित्र खेळत होते. हिरवंगार गवत, वर मोकळं आभाळ. आप्पासाहेबांनी बूट काढले आणि अनवाणी त्या गवतावर दोन पावलं चालून पाहिली. जिलानींनी मात्र खेळणाऱ्यांकडे पाहिलं आणि ते जागीच थांबले. पहिला माणूस उलट्या बाजूने उभा होता. असेल एखादा, त्यांना वाटलं. दुसराही तसाच. तिसराही. त्यांनी शेजारच्या पिशवीतल्या काठ्या पाहिल्या. सगळ्यांची तोंडं आपल्या काठ्यांच्या विरुद्ध.

लख्ख कळलं. एवढी वर्षं आपण या माणसाला उलटं शिकवलं. त्याने डोळे झाकून विश्वास ठेवला, शुक्रवारचे शुक्रवार घातले, नवे बूट घेतले, आणि त्याला आज चार परक्या माणसांत कळणार की आपला उस्ताद म्हणजे नुसता पोकळ बांबू. आप्पासाहेब हसले तर ठीक, पण ते पुन्हा गप्प झाले तर? जिलानींना त्या गप्प बसण्याची आठवणही सोसवेना.

"आप्पासाहेब, पोटात दुखून राहिलं," ते म्हणाले. "परत जाऊ."

"खुळे का काय? लिंबूपाणी घ्या," म्हणत आप्पासाहेब काठी घेऊन पुढे झालेसुद्धा. ते आपल्या पद्धतीने उभे राहिले, आणि सगळं मैदान बघायला लागलं.

"अरे वा, तुम्ही डावखुरे," कर्नलसाहेब म्हणाले.

"मी? न्हाई बा. उजवा हाय."

"मग हा डावखुऱ्यांचा सेट कशाला?" कर्नलसाहेबांनी जिलानींकडे पाहिलं. "तुम्ही डावखुरे का?"

जिलानींनी मान हलवून नाही म्हटलं. कोणीतरी हसलं. वाईट मनाने नव्हे, पण हसलं. कर्नलसाहेब सज्जन, त्यांनी झटकन आपली काठी पुढे केली. "ही धरून बघा. या बाजूने उभे राहा. तुमचा हात बसलेला आहे, नुसती बाजू बदलायची."

आप्पासाहेबांनी काठी उलटसुलट करून पाहिली, जागा बदलली, उजव्या हाताच्या जोरावर फिरवली. असा टणत्कार जिलानींनी कधी ऐकला नव्हता. बॉल उंच गेला, बराच वेळ आभाळात राहिला आणि दूर निशाणाजवळ जाऊन पडला. चाकूरच्या चिंचेपर्यंतची मजल त्याच्यापुढे काहीच नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिलानींनीही वाजवल्या. मित्राचा आनंद त्यांना खरोखर झाला आणि त्याच वेळी आतून चांगलंच तुटलं.

"दोन महिन्यांत तुम्ही आम्हाला भारी पडाल," कर्नलसाहेब म्हणाले. "जुनं सगळं विसरा."

"आप्पासाहेब," जिलानी पुढे आले. लपवण्यात आता अर्थ नव्हता. "माझं चुकलं. मला काय बी येत नव्हतं. तुमाला म्या उलटं शिकवलं."

आप्पासाहेबांनी आपला उजवा हात उघडला, मिटला, आणि कर्नलसाहेबांची काठी परत दिली.

"जिलानीभाई, ह्या हातानं म्या कस्तुराच्या अंगावरची माती काढली," ते म्हणाले. "त्याच्यामागं खुरपं धरा, भाकर धरा, ह्या हाताला तीच माती लागायची. कुणाला बोललो न्हाई. तुमी काठी दिली ती डाव्या अंगानं धरायची निघाली. त्या अंगाला कशाचाच पत्ता नव्हता. त्याला समदं पहिल्यापासून शिकावं लागलं, आन् त्याच्यासंगं म्या बी शिकलो. तुमी सरळ शिकवलं असतं तर पहिल्याच दिशी काठी टाकून घरात जाऊन बसलो असतो."

कर्नलसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आज ह्यो हात बी बरा झाला, ते कळालं," आप्पासाहेब म्हणाले. "लई झ्याक वाटलं. पर खेळायचं ते आपलंच." मग त्यांनी आपली पिशवी ओढली, दुसरा बॉल गवतावर ठेवला आणि पहिल्यासारखेच, सगळ्या मैदानाकडे पाठ करून, उभे राहिले. "सांगा उस्ताद, हितून कोणती काठी?"

जिलानींनी रुमालाने डोळे पुसले, नाक पुसलं, घसा खाकरला. निशाणाकडे पाहिलं, वारा पाहिला, आणि एका काठीचं टोपडं काढून ती शागिर्दाच्या हातात दिली.

"सात नंबर. डावा पाय घट्ट ठेवा. घाई करू नका."

आप्पासाहेबांनी घाई केली. बॉल सरपटत गेला आणि कर्नलसाहेबांच्या मेंदीच्या कुंपणात घुसला.

"काय सांगितलं होतं म्या?" जिलानी रागावून म्हणाले, आणि बॉल शोधायला दोघे मिळून कुंपणाकडे निघाले.