पिकअपखालचा ठिपका

जॅझ वाजवायले गिटारचा आवाज मऊ पाहिजे. जानेफळात गिटारचा मिस्त्री कुठला? विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या शंकररावांकडे माही गिटार नेली. मोटार दुरुस्तीले देतानी आम्ही आत खूण करतोच, मिस्त्रीनं आतला माल बदलू नये म्हणून. तसा तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या पिकअपले मी खालून लाल ठिपका दिला.

संध्याकाळी आवाज लोण्यासारखा! माह्या डोक्यात लगेच शंका.

"पिकअप बदलला काय?"

"नाही बे. स्क्रू फिरवून तारांपासून खाली घेतला."

माह्याच्यानं राहवलं नाही. त्यांच्यासमोरच खोलला. लाल ठिपका जागेवर होता. बाजूले एक निळा.

"हा कोनाचा?"

"माहा," शंकरराव म्हणाले. "उद्या तू दुसराच पिकअप बसवून माह्यावर आळ घेशील म्हनून."