गांजानं बी धरलं

"त्या बादलीला हात लावू नका हां!" सॅली स्वयंपाकघरातनं ओरडली. "ते पाणी माझ्या घेवड्याचं हाय."

"आन् माझी झाडं मरू देत?" हाईमनं परसातनं विचारलं.

"मरू देत. गांजाच तो. सुटेन मी एकदाची!"

शहात्तरचा उन्हाळा. लंडनातल्या ईलिंगचं आभाळ पार कोरडं पडलेलं. परसातल्या चिकणमातीला बोट जाईल एवढ्या भेगा, आणि वर होसपाइपानं पाणी घालायला बंदी. भांडी धुतल्या पाण्यावरून नवराबायकोत रोज जुंपायची. रेवदंडा सोडून जमाना झाला होता, पण भांडण अजून गावचंच होतं.

हाईमची झाडं ग्रीनहाउसात, टमाट्यांच्या आड. फॅक्टरीत खांदा निकामी झाल्यापासून दोन झुरके मारल्याबिगर त्याचा डोळा लागत नसे. गावाकडं चुलत्यानं शिकवलं होतं, नर ओळखू आला की मुळासकट उपटायचा. नराची पूड मादीवर पडली की ती बी धरते, सगळा जोर बियांत जातो आणि चिलमीत नुसता धूर उरतो. हाईमनं एकूणएक नर उपटले आणि निर्धास्त होऊन महिनाभर लेकीकडं, एलिझाबेथकडं नॉटिंगहॅमला गेला.

परतला तर तुऱ्यांत बोटांना खडे लागले. बी! टच्च भरलेलं.

"ग्रीनहाउसचं दार कोणी उघडलं?"

"मी. उकाड्यानं माना टाकल्यान बिचाऱ्यांनी. झाडांचा काय गुन्हा?"

तो गरकन वळला. कुंपणाशी, घेवड्यातनं वर येऊन, पुरुषभर उंचीचं झाड डुलत होतं. त्यानं फांदी हलवली. उरलीसुरली पिवळी पूड बाहीवर सांडली. गांजाचाच नर, पण लांबट, विरळ पानांचा, म्हणून सॅलीला ओळखू आला नव्हता.

"हे कुठनं आलं?"

"पाखरांना दाणे टाकते ना, त्यातनं उगवलं आपसूक. देखणं हाय की नाय? तुम्ही गेल्यावर तुमच्या झाडांना घालून उरलेलं पाणी त्यालाच घातलं."

हाईम मटकन खाली बसला. पाखरांच्या दाण्यांत गांजाचंही बी असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. गांजा सुटावा म्हणून सॅलीनं चिलमी फोडल्या होत्या, उपास धरले होते, सिनेगॉगातल्या वडीलधाऱ्यांपुढं त्याला उभं केलं होतं. त्यातलं काही लागू पडलं नाही. आणि आता तिनं मायेनं सगळं पीक बुडवलं, तेही तिला न कळता. सांगावं तर पुढल्या वर्षी ती कुंपणभर नर लावील!

"असे का बसलाव? वाईट झाड हाय का?"

"नाय गो," हाईम खांदा चोळत म्हणाला. "ब्येस हाय."

सॅलीचा चेहरा खुलला. कधी नव्हे ते नवऱ्यानं तिच्या हातच्या झाडाला चांगलं म्हटलं होतं.

"मग पुढल्या साली ग्रीनहाउसाच्या दारातच लावते एक. तुमच्या झाडांना सोबत!"

हाईमनं तिच्या खुललेल्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तो म्हणाला, "लाव."